बोनच्या दलालाचं देणं

आमच्या घरात फ्रान्समधलं एकच नाव माहीत होतं, बोर्डो. निफाड तालुक्यातल्या कुठल्याही द्राक्षबागायतदाराच्या घरी ते माहीत असतंच. मोरचूद आणि चुना कालवून केलेलं बोर्डो मिश्रण केवड्यावर फवारायचं, आणि त्या दिवसांत वडिलांच्या, म्हणजे नानांच्या, सदऱ्याच्या बाह्या निळ्या व्हायच्या. बोर्डो हे शहर आहे, तिथल्या मियार्दे नावाच्या प्राध्यापकांनी १८८५ साली हे औषध जगापुढे मांडलं आणि त्या शहराची खरी ओळख वाइनची आहे, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. वाइन म्हणजे दारू, आणि दारू आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आली नव्हती. घर माळकरी. आजी त्र्यंबकेश्वरहून निघणाऱ्या निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर पंढरपूरला पायी जायची.

अशा घरातल्या मुलीला वाइनची चव घ्यायला ज्यांनी शिकवलं, ते फ्रान्समधल्या बर्गंडी प्रांतातल्या बोन गावचे एक निवृत्त दलाल होते. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. हयात असते तर त्यांनी ते लिहू दिलं नसतं. आज वाइनवर माझं पोट चालतं, आणि या धंद्यातलं मला जे थोडंफार कळतं त्यातला मोठा वाटा त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मिळालेला आहे.

मी तिथवर पोचले ते नानांच्या एका एकरामुळे. २००१ साली महाराष्ट्र सरकारचं द्राक्षप्रक्रिया धोरण आलं आणि आमच्या भागात वाइनच्या द्राक्षांची लागवड वाढली. नानांनीही एका कंपनीशी करार करून एकरभर शिराझ लावली. पुढे कंपनीने माल उचलला नाही आणि नानांनी ती बाग कुऱ्हाडीने तोडली. बारीक मणी, जाड साल, आत बी. बाजारात त्याला कोण विचारणार? त्या मण्यांत एवढं काय असतं की फ्रान्समध्ये लोक त्यावर पिढ्यान् पिढ्या जगतात, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात बसला. रसायनशास्त्राची पदवी, मग एका वायनरीच्या प्रयोगशाळेत नोकरी, आणि मग शिष्यवृत्ती मिळवून बर्गंडीतल्याच दिजोंच्या ज्यूल गुयो वाइन संस्थेत.

रसायन मला येत होतं. चव घेण्याच्या तासाला मात्र मी गप्प असायची. शेजारची मुलं ग्लास नाकाशी नेऊन घडाघडा बोलायची: कासी, व्हायोलेट, ओलं जंगल, चामडं. कासी म्हणजे ब्लॅककरंट. ते फळ मी कधी डोळ्यांनीही पाहिलं नव्हतं. तरी रेड वाइन आली की मी वहीत ‘कासी’ लिहायची, कारण सगळे तेच लिहायचे. एका वर्गमैत्रिणीच्या ते लक्षात आलं असावं. ती म्हणाली, “बोनला माझ्या आजोबांचे एक मित्र आहेत. आठवड्यातून एकदा त्यांच्या घरी आम्ही काहीजण बसतो. येतेस?”

बर्गंडीत शेतकरी आणि व्यापारी यांच्यामध्ये कुर्तिए असतो. आमच्या पिंपळगाव बसवंतच्या बाजारातल्या दलालासारखाच, फरक इतकाच की हा तळघरा-तळघरांतून हिंडून पिंपातली वाइन चाखतो आणि कोणता माल कुठल्या व्यापाऱ्याला रुचेल ते मनाशी जुळवतो. माल त्याचा नसतो, जमीन नसते. जीभ आणि शब्द एवढंच भांडवल. मी हे नानांना फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “दलाल आहे तर जपून राहा.” पुढे त्याच नानांनी त्यांच्यासाठी बेदाण्यांचा डबा पाठवला.

पहिल्या संध्याकाळी टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन बाटल्या होत्या. प्रत्येकापुढे दोन ग्लास, एक पेन्सिल, एक कोरा कागद आणि मधे थुंकायचं भांडं. नियम दोनच: आधी लिहायचं, मग बोलायचं, आणि गिळायचं नाही. मला हायसं वाटलं. आजीला नंतर सांगितलं की मी चूळ भरून थुंकते, पीत नाही. त्यावर ती म्हणाली, “थुंकायला एवढ्या लांब गेलीस?”

ते म्हणाले, “यात काय काय आहे ते सांगू नका. दोन्हींत फरक काय, तेवढंच लिहा.” हा प्रश्न मला पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. एका ग्लासात काय आहे ते सांगायला शब्दांचा साठा लागतो, आणि तो माझ्याकडे नव्हता. दोन ग्लासांतला फरक मात्र मला कळत होता. उजवीकडची जिभेच्या कडांना जास्त धरत होती, सुपारी चघळल्यावर धरतं तशी. डावीकडची हलकी होती, पण वास जास्त वेळ राहत होता. मी तसंच लिहिलं. बाटल्यांवरचे कागद काढले तेव्हा कळलं की डावीकडची व्होलनेची, उजवीकडची पोमारची. शेजारशेजारची गावं, बांधाला बांध. द्राक्ष एकच, पिनो न्वार, वर्ष एकच, करणारा शेतकरीही एकच. व्होलनेची जमीन जास्त चुनखडीची, पोमारला चिकणमाती आणि लोह जास्त. त्यांनी माझा कागद वाचला, मान हलवली आणि पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं. कौतुक केलं नाही. त्यांनी तोंडावर माझं कौतुक कधीच केलं नाही, आणि त्याचा मला फार उपयोग झाला.

त्या टेबलावर पुढे जे जे आलं ते बहुतेक जोडीनेच आलं. शाब्ली आणि पती शाब्ली: दोन्ही शार्दोने, पण शाब्लीच्या उतारावरच्या मातीत स्वल्पविरामाच्या आकाराच्या जुन्या कालवांचे जीवाश्म, पठारावरच्या पती शाब्लीची माती निराळी. आमच्यातल्या कुणीतरी लगेच समुद्राचा वास आल्याचं सांगितलं. ते म्हणाले, दगड मुळातून चढून तोंडात येत नाही. उतार, ऊन आणि पाण्याचा निचरा येतो. साँसेरची सोव्हिन्याँ ब्लाँ आणि बोर्डोची सोव्हिन्याँ ब्लाँ. उत्तर ऱ्होनच्या एर्मिताजची सिरा आणि दक्षिणेच्या शातोनफ-द्यु-पापची मिश्र वाइन. सिरा म्हणजे आमची शिराझच. तिच्यातला काळ्या मिरीचा वास मला लगेच ओळखू आला आणि नानांची तोडलेली बाग आठवली. त्या वासाला कारण असलेलं रोटंडोन हे द्रव्य मिरीतही असतं, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

क्लो द वूजोची संध्याकाळ मी विसरणार नाही. साधारण पन्नास हेक्टरची ही बाग, भोवती दगडी भिंत. सिस्टर्सियन संन्याशांनी बाराव्या शतकापासून ती वाढवली. फ्रेंच क्रांतीनंतर चर्चच्या जमिनी सरकारजमा होऊन विकल्या गेल्या, पुढे मुलांत समान वाटणीचा कायदा आला, आणि आज त्या एका भिंतीच्या आत सुमारे ऐंशी मालक आहेत. लेबलावर सगळ्यांना तेच नाव लावता येतं. वाटण्यांचं हे गणित मला समजावून सांगावं लागलं नाही. आमच्या गटाचा सातबारा माझ्या डोळ्यांपुढे होता. त्यांनी तीन मालकांच्या बाटल्या ठेवल्या. वरच्या अंगाच्या हिश्श्याची वाइन घट्ट आणि लांब, खालच्या रस्त्याकडेच्या हिश्श्याची सैल. तिसरीही खालच्याच अंगाची, पण ती वरचीच्या तोडीस तोड होती. “इथला माणूस छाटणी स्वतः करतो,” एवढंच ते म्हणाले.

गामे या द्राक्षाबद्दल बर्गंडीत एक जुनी अढी आहे. १३९५ साली तिथल्या ड्यूकने, फिलिप द बोल्डने, ते बेइमान ठरवून उपटून टाकायचा हुकूम काढला होता. अजूनही गामे म्हटलं की बोनचे लोक त्याच द्राक्षाच्या, नोव्हेंबरात येणाऱ्या ताज्या बोजोले नुव्हो वाइनबद्दल बोलून हसतात. आमच्या दलालांनी एकदा झाकलेल्या दोन बाटल्या दिल्या आणि आम्ही सगळ्यांनी दोन्ही पिनो न्वार म्हणून लिहिल्या. एक होती मोर्गोंची जुनी गामे. बोजोलेतल्या ग्रॅनाइटच्या जमिनीतली गामे बरीच वर्षं बाटलीत राहिली की पिनोसारखी लागू लागते, हे तिथल्या जुन्या लोकांना ठाऊक असतं. ते त्या दिवशी खूश होते. ड्यूकविरुद्धचा खटला जिंकल्यासारखे.

माझ्या आयुष्याला वळण मिळालं ते मात्र बर्गंडीच्या वाइनने नाही. शेजारच्या जुरा प्रांतातली शातो-शालोंची पिवळी वाइन त्यांनी एका थंडीत आणली. साव्हान्याँ नावाच्या द्राक्षाची. पिंप भरल्यावर वाइन हळूहळू उडते, इतर बहुतेक ठिकाणी ती तूट भरून काढतात. इथे भरत नाहीत. वर यीस्टची साय धरते आणि त्या सायीखाली ती काही वर्षं तशीच राहते. कापणीपासून सहा वर्षं तीन महिने झाल्याशिवाय बाटलीत भरायची नाही असा नियम. बाटलीही वेगळी, ६२ सेंटिलिटरची. मी ग्लास नाकाशी नेला आणि दचकले. तो आमच्या घरातला वास होता. थोरली बहीण बाळंतपणाला आली होती तेव्हा आईने केलेल्या मेथीच्या लाडवांचा. मी कागदावर ‘मेथी’ लिहिलं आणि कागद उपडा करून ठेवला. फ्रेंच वाइनला मेथी म्हटलेलं कुणाला चालेल असं मला वाटलं नाही.

बाकीच्यांनी अक्रोड, सफरचंद असं काही सांगितलं. माझी पाळी आली तेव्हा मी अक्रोड म्हणाले. त्यांनी हात लांबवून कागद सुलटा केला. “हे काय लिहिलंय?” मी सांगितलं. त्यांनी पुढच्या वेळी मेथी आणायला सांगितली. मी दिजोंच्या दुकानातून मेथीदाणे नेले, त्यांच्या तव्यावर जरासे भाजले आणि वाटीत घालून त्यांच्यापुढे ठेवले. एका हातात वाटी, एका हातात ग्लास घेऊन ते बराच वेळ आलटून पालटून वास घेत राहिले. मग म्हणाले, “इतकी वर्षं मी याला अक्रोड म्हणतोय.” संस्थेच्या ग्रंथालयात मी शोधलं तेव्हा सोटोलोन हे नाव सापडलं. पिवळ्या वाइनचा तो खास वास ज्या द्रव्याचा, तेच द्रव्य मेथीतही असतं.

त्या दिवसानंतर मी वहीत ‘कासी’ लिहायचं सोडलं. पुढच्या जुलैत त्यांनी परसातल्या झुडपाची वाटीभर कासी माझ्यापुढे ठेवली आणि खाऊन बघा म्हणाले. आंबट, काळी, थोडी उग्र. आता हे फळ मी वाइनमध्ये शोधते, पण खाल्ल्यावर.

नाकावर विश्वास बसला म्हणून डोळ्यांवरचा अविश्वास त्यांनी कमी होऊ दिला नाही. २००१ साली बोर्डोच्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता: व्हाइट वाइनमध्ये बिनवासाचा लाल रंग मिसळला, तर वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांनी तिला रेड वाइनचेच वास लिहिले. आम्ही हसलो. मग त्यांनी आमच्या डोळ्यांवर रुमाल बांधले आणि खोलीच्या तापमानाची व्हाइट आणि गार केलेली हलकी रेड पुढे ठेवली. हसू तिथेच थांबलं.

१८५५ सालच्या बोर्डोच्या वर्गवारीवर त्यांचा जीवही होता आणि रागही. तिसऱ्या नेपोलियनच्या पॅरिस प्रदर्शनासाठी बोर्डोतल्या मेदोक भागाच्या रेड वाइनची (आणि मेदोकबाहेरच्या एका ओ-ब्रियोंची) ती यादी केली ती बोर्डोच्या दलालांनी, म्हणजे त्यांच्याच जातभाईंनी. आधार होता बाजारभावाचा. त्या यादीत नंतर मोठा बदल एकच झाला, १९७३ साली मूतों-रोथशिल्ड पहिल्या वर्गात गेली. “आमच्या लोकांनी भाव लिहिला,” ते म्हणायचे, “लोक चव म्हणून वाचतात.” पॅरिसमधल्या १९७६ च्या चाचणीत कॅलिफोर्नियाच्या वाइन पहिल्या आल्या, तीही गोष्ट सगळे फ्रेंचांचा पराभव म्हणून सांगतात. त्यांना ते पटत नसे. गुण देणारे नऊजण फ्रेंचच होते, झाकलेल्या बाटल्यांना त्यांनी प्रामाणिकपणे गुण दिले, याचा त्यांना अभिमान होता. मला त्यांचं म्हणणं बरोबर वाटतं.

सुट्टीला घरी आले तेव्हा नाशिकची एक शनँ ब्लाँ मी त्यांच्यासाठी नेली. शनँ हे द्राक्ष मूळ लुआर खोऱ्यातलं. आमच्याकडे त्याची लागवड बरीच. त्यांनी ती लुआरमधल्याच व्हूव्रेच्या शनँशेजारी ठेवली आणि घोट थुंकल्यावर घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे बघत चव किती टिकते ते मोजलं. त्या मापाला तिकडे कोदाली म्हणतात, एक सेकंद म्हणजे एक कोदाली. व्हूव्रेचं मोजणं लांबलं, आमचं लवकर संपलं. ते म्हणाले, “स्वच्छ आहे, फळ आहे, आखूड आहे.” मग विचारलं, “एकरी किती काढता?” मी सांगितल्यावर त्यांनी कागदावर बर्गंडीचं गणित मांडलं. व्होलने-पोमारसारख्या गावाच्या नावाने विकायच्या रेड वाइनला हेक्टरी साधारण चाळीस हेक्टोलिटरची मर्यादा, म्हणजे एकरी दोन-सव्वादोन टन द्राक्ष. हे नानांना सांगितलं. खायची द्राक्षं एकरी दहा-बारा टन काढणारा माणूस. ते म्हणाले, “मग खातात काय ती माणसं?”

नाशिकला परत येऊन मी एका वायनरीत लागले आणि शनँच्या टाक्या माझ्याकडे आल्या. त्यांना मी लांबलचक पत्र लिहिलं: व्हूव्रेसारखी आम्लता येत नाही, तिकडे कापणी ऑक्टोबरात गारठ्यात, इकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये ऊन चढत असताना. त्यांचं उत्तर अर्ध्या पानाचं आलं. त्यात प्रश्नच होते. घड पहाटे तोडता की दिवसा? तोडल्यापासून दाबयंत्रात पडेपर्यंत किती वेळ जातो? कुठल्या ओळी आधी पिकतात? खुंट कोणता? आणि खाली एक ओळ: व्हूव्रेशी तुलना झाली, आता शेजाऱ्याच्या शनँशी आणि तुमच्याच गेल्या वर्षीच्या शनँशी करा.

त्या ओळीने मला कामाला लावलं. व्होलनेशेजारी पोमार ठेवायची, बोर्डो नाही, हे त्यांनी पहिल्याच संध्याकाळी दाखवलं होतं आणि माझ्या ते लक्षात आलं नव्हतं. जवळच्या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की फरकाचं कारण सापडतं. लांबच्या ठेवल्या की नुसता क्रम लागतो. मी प्लॉटवार टाक्या वेगळ्या केल्या. पहाटे अंधारात तोडणी सुरू केली. खालच्या काळ्या मातीच्या ओळी आणि वरच्या मुरमाड ओळी यांची वाइन शेजारी ठेवून चाखली, आणि मुरमावरची लांब निघाली. नाना त्या दिवशी वायनरीत आले होते. त्यांनी घोट घेतला नाही, माळ आहे गळ्यात. पण दोन्ही ग्लासांचा वास घेऊन बोट मुरमाच्या ग्लासाकडे दाखवलं. भुरीचा वास बागेत शिरताच ओळखणाऱ्या नाकाला ते अवघड नव्हतं. मी हे बोनला कळवलं. त्यावर आलेल्या पत्रात नानांचं कौतुक होतं, जे मला कधी मिळालं नव्हतं.

ते गेल्याचं मला त्यांच्या मुलीकडून कळलं. तिला लिहिताना मी त्या टेबलावर चाखलेल्या बाटल्यांची जमेल तेवढी यादी केली आणि त्यांच्या किमती मनाशी मांडून पाहिल्या. ती रक्कम माझ्या त्या काळच्या शिष्यवृत्तीत बसणारी नव्हती. त्यांनी कधी एक युरो घेतला नाही. पाव किंवा चीज आणलं तर टेबलावर ठेवून घ्यायचे, इतकंच. मुलीने उत्तरात लिहिलं की शेवटच्या आजारात त्यांना वास येईनासा झाला होता, आणि त्याबद्दल ते कुरकुरले नाहीत.

फेडण्याचा दुसरा मार्ग मला माहीत नाही, म्हणून आता आमच्याकडे नाशिकला महिन्यातून एकदा आम्ही बसतो. बागायतदारांची मुलं येतात, वायनरीतले कामगार येतात, कधी एखादी शिक्षिका. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन बाटल्या असतात, बहुधा दोन्ही आपल्याच जिल्ह्यातल्या. एखादी फ्रेंच बाटली परवडली तर तिची जोडीदारही फ्रेंचच. फी नाही. न पिणाऱ्यांनीही यावं, नाक पुरतं. ज्यांना यायचं असेल त्यांनी फक्त अत्तर लावून आणि तंबाखू खाऊन येऊ नये, एवढी विनंती.